आठवं बटण

आमच्या डब्याला आठ बटणं होती. कॉलेजच्या फाइलीत त्याचं नाव इंग्रजी, लांबलचक आणि वजनदार होतं, पण आम्ही तिघं त्याला डबाच म्हणायचो, कारण पहिलं मॉडेल खरोखरच माझ्या आईच्या लाडवांच्या प्लास्टिकच्या डब्यात बसवलं होतं. बटण दाबलं की डबा एक वाक्य बोलायचा. आजारपणात ज्याची वाचा गेली आहे त्याने तो उशाशी ठेवायचा. पाणी हवं असेल तर पहिलं बटण, भूक लागली तर दुसरं. आतली चिप मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून आणली होती. तिच्यात सगळा मिळून मिनिटभराचा आवाज मावायचा, म्हणजे एकेका बटणाच्या वाट्याला सात-आठ सेकंद. माणसाला जगायला कुठली आठ वाक्यं लागतात, हे आम्ही तीन शहाण्यांनी कँटीनमध्ये वडा-उसळ खात ठरवलं.

पाणी हवंय. भूक लागलीय. दुखतंय. हो. नको. बाथरूमला जायचंय. जरा इकडे या. इथपर्यंत एकमत झालं. आठव्यावर गाडं अडलं. शेवटी आमच्या गाइड सरांनी निकाल दिला, "धन्यवाद घाला. सेवा करणाऱ्याला बरं वाटतं." आम्ही माना डोलावल्या. आमच्या घरात जन्मात कुणी कुणाला धन्यवाद म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. पाणी दिलं तर माणूस पाणी पितो, भाषण करत नाही. पण सर ते सरच, आणि प्रोजेक्टचे मार्क त्यांच्या हातात होते.

हे दोन हजार तीन-चार सालचं. रत्नागिरीत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. सरांचा एक डॉक्टर मित्र होता, त्याच्याकडे अर्धांगाचे पेशंट यायचे, त्यातून हा विषय निघाला आणि चिठ्ठ्या टाकून आमच्या ग्रुपला आला. ग्रुपमध्ये मी, एक लांज्याचा मुलगा आणि एक पुण्याची मुलगी. लांज्याचा कमी बोलायचा आणि सोल्डरिंग असं करायचा की सर त्याचं सर्किट दुसऱ्या ग्रुपना दाखवायला न्यायचे. पुण्याची ॲडमिशनच्या शेवटच्या राउंडमध्ये इथे येऊन पडलेली. पहिल्या वर्षी मासळीच्या वासाने नाकाला रुमाल लावायची, चौथ्या वर्षी माझ्या डब्यातला बांगडा माझ्या आधी संपवायची. तिचा आवाज स्वच्छ, उच्चार घासूनपुसून लखलखीत. डब्याला तिचाच आवाज द्यायचा, यावर वादच झाला नाही. माझं काम रिपोर्ट लिहायचं आणि सरांशी गोड बोलायचं.

आता काकाचं सांगते. काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. बाबांना आम्ही अहोजाहो करायचो आणि त्यांच्याहून मोठ्या काकाला अरेतुरे. का ते देव जाणे, पण घरात तसंच होतं. बाबा शहरात कचेरीत कारकून, आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत. काका-काकी गावी, मालगुंडला, घर आणि हापूसची कलमं सांभाळून. त्यांना मूलबाळ नाही, त्यामुळे मी त्यांचीही होते आणि दोन्ही घरांतून ओरडा खायचे.

काकाचा आवाज हीच काकाची इस्टेट होती. वरच्या बागेतून त्याने हाक मारली की खाली विहिरीवर काकीला कळायचं, चहा टाकायचा की गड्याच्या नावाने शंख करायला बाहेर यायचं. गणपतीत आमच्या वाडीत आरती घरोघरी फिरते, आणि कुठल्याही घरी आरती संपली की गाऱ्हाणं घालायचा तो काकाच. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून सगळ्यांच्या वतीने मोठ्याने घातलेलं मागणं. ते पोथीत नसतं. सुरुवात-शेवट ठरलेला, मधलं घालणाऱ्याच्या तोंडी येईल ते, आणि दर मागण्याला मागची सगळी माणसं "होय म्हाराजा" म्हणून साथ देतात. काका देवाकडे मागायचा नाही, देवाला दटावायचा. कुणाची म्हैस आटली, कुणाचं लग्न जमत नाही, सगळं त्याच्या ध्यानात असायचं. दुसऱ्या वर्षी मला गणितात केटी लागली तेव्हा "आमच्या बायचा तो कसला गणिताचा पेपर अडकलाय, तो सोडव रे म्हाराजा" असं त्याने भर आरतीत मागितलं आणि साठ-सत्तर माणसं एका सुरात "होय म्हाराजा" म्हणाली. मी पडद्यामागे तोंड लपवून बसले होते. पेपर सुटला, हेही खरं.

आमच्या शेवटच्या वर्षाच्या गणपतीत त्याचा आवाज बसला. काकी म्हणाली, ओरडता किती, बसणारच. ज्येष्ठमध झालं, हळद-दूध झालं, दिवाळी झाली, आवाज काही उठेना. पौषात बाबा त्याला शहरातल्या डॉक्टरकडे घेऊन गेले आणि तिथून मुंबईला. मुंबईहून परत आले तेव्हा काका होता तसाच बडबडा होता, घोगरा पण बडबडा. गप्प होते ते बाबा.

काका गावी गेल्यावर आमच्या दोन खोल्यांत बैठक बसली. बाबा, आई, मुद्दाम मागे थांबलेली काकी आणि मी. आमच्याकडे त्या रोगाचं नाव घरात घेत नाहीत, 'तसलं' म्हणतात. तर तसलंच निघालं होतं, स्वरयंत्राचं. जीव वाचणार होता, पण स्वरयंत्र काढावं लागणार होतं. गळ्याला भोक पाडणार, श्वास तिथून, आणि बोलणं कायमचं बंद. बाबा म्हणाले, "दादाला हे सांगायचं नाही. आवाज जाणार म्हटलं तर तो टेबलावर चढायचाच नाही. गाठ आहे, काढली की थोडे दिवस आवाज बसेल, एवढंच सांगायचं." काकीने पदर तोंडाला लावला आणि मान डोलावली. मी म्हटलं, "पण त्याचाच आवाज आहे ना?" बाबा भडकले. "मग तू सांग जाऊन. आणि तो नको म्हणाला की सहा महिन्यांनी तूच बघ त्याच्याकडे." त्यांचं भय खोटं नव्हतं, हे मी आजही म्हणते. काकीने देवाच्या फोटोपुढे माझ्याकडून शब्द घेतला, बाहेरही कुणाकडे बोलायचं नाही. आमच्या वाडीतली दोन मुलं माझ्याच कॉलेजात होती. एकाच्या कानावर गेलं की मालगुंडला पोचायला एसटीचीही गरज नव्हती.

म्हणून मी ग्रुपमध्येही बोलले नाही. बोलू न शकणाऱ्या माणसासाठी डबा बनवत होते, घरात एक माणूस बोलू न शकणारा होणार होता, आणि हे ज्यांना सांगायला हवं त्या दोघांशी मी रोज रेझिस्टर आणि कपॅसिटरवर भांडत होते.

फेब्रुवारीत डबा चालू झाला. सर म्हणाले, घरच्या मोठ्या माणसांच्या हातात देऊन बघा, त्यांना जमतं का ते लिहा. पुण्याची लगेच म्हणाली, "तुझ्या गावी जाऊ या! काका-काकी आहेत ना?" मी दहा सबबी सांगितल्या. तिने दहाही मोडून काढल्या. एका रविवारी आम्ही तिघं मालगुंडला गेलो. काकीने घावनं आणि नारळाचा रस केला होता. काका पडवीत बसला होता. पुढच्या आठवड्यात त्याला ऑपरेशनला न्यायचं होतं.

त्याला डबा फारच आवडला. प्रत्येक बटण दाबून पुण्याचीचा आवाज ऐकला आणि तिच्याकडे बघून म्हणाला, "तू आत बसून बोलतेस काय गो?" मग लांज्याच्याला जवळ बोलावलं. "ह्यात कुणाचाही आवाज भरता येतो?"

"हो काका. हे लाल बटण धरायचं आणि बोलायचं."

"आणि मग राहतो किती दिवस?"

लांज्याच्याला एवढं बोलतं करणारा माणूस पहिल्यांदाच भेटला असावा. "सेल काढले तरी राहतो. वर्षानुवर्षं राहतो. कुणी वरून दुसरं भरलं नाही म्हणजे झालं."

"मग एक मला दे."

आठवं बटण रिकामंच होतं, धन्यवाद भरायचं राहिलं होतं. काकाने लाल बटण धरलं, खाकरला आणि देवापुढे उभा राहिल्यासारखा सुरू झाला, "बा गणराया म्हाराजा, आज तुझी लेकरं..." एवढ्यात दिवा विझला. वेळ संपली होती. "ह्याचा दम माझ्याहून कमी," तो म्हणाला आणि सगळे हसले. मीही हसले. त्याने परत भरलं, परत विझला. तिसऱ्यांदा तो डबा घेऊन उठला आणि आत देवघराशी जाऊन बसला. आम्ही घावनं खात होतो. आतून घोगरं पुटपुटणं ऐकू येत होतं, मध्येच थांबत होतं, परत पहिल्यापासून. बऱ्याच वेळाने तो बाहेर आला आणि डबा लांज्याच्याच्या नाही, माझ्या हातात दिला.

"हे शेवटचं बटण माझं. काय गो बाय?"

"हो काका."

परतीच्या एसटीत मी डबा कानाला लावून आठवं बटण दाबलं. गाडीच्या घरघरीत "म्हाराजा" तेवढं कळलं आणि शेवटी काहीतरी दोन-तीन शब्द. म्हटलं घरी जाऊन शांतपणे ऐकू. घरी गेल्यावर बटणावर बोट ठेवलं आणि दाबवेना. ऐकलं असतं तर रडले असते, आणि पलीकडच्या खोलीत आई होती. मग ठरवलं, लॅबच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेऊ, वायर लावली की पाच मिनिटांचं काम. ते पाच मिनिटांचं काम मी रोज उद्यावर टाकलं. लॅबमध्ये एकटी असायचे तेव्हा धीर नसायचा आणि धीर असायचा तेव्हा ते दोघं असायचे.

मी दोघांना एवढं जरी म्हटलं असतं, की आठव्याला हात लावू नका. पुण्याची भारी चौकस. का, म्हणून विचारलंच असतं, आणि तिच्याशी खोटं बोलणं मला जमत नव्हतं. म्हणजे असं मला वाटायचं. कारण ऑपरेशनसाठी मुंबईला जाताना मी तिला सरळ सांगितलं, "चुलतबहिणीचं लग्न आहे." मला चुलतबहीणच नाही. ती वैतागली, "सबमिशनच्या तोंडावर कसलं लग्न गं तुझं?" आणि तरी म्हणाली, "जा, आम्ही करतो तुझं राहिलेलं. मेंदी दाखव आल्यावर."

हॉस्पिटलात सकाळी काकाला ट्रॉलीवर घेतलं. डॉक्टरांनी बाबांना विचारलं, पेशंटला सगळं समजावलंय ना? बाबा म्हणाले, हो. काकी भिंतीकडे तोंड करून उभी होती. ट्रॉली दारापाशी थांबली तेव्हा काकाने मला बोटाने जवळ बोलावलं.

"डबा नीट आहे ना गो?"

"आहे काका."

त्याच्या तोंडून मी ऐकलेलं ते शेवटचं.

परत आले तेव्हा डबा ओळखू येत नव्हता. लाडवांचा डबा जाऊन पांढऱ्या ॲक्रिलिकचा सुबक डबा आला होता, बटणांवर छापील चित्रं, पेला, ताट, दार. आठव्यावर जोडलेले हात. दोघं माझ्या तोंडाकडे कौतुकाच्या अपेक्षेने बघत होते. मी आठवं बटण दाबलं. "धन्यवाद," डबा म्हणाला. घासूनपुसून, लखलखीत.

मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. तुला अक्कल नाही इथून सुरुवात केली आणि पुण्याचे सगळे असेच इथपर्यंत गेले. लॅब असिस्टंट बाहेरून डोकावून गेला. ती आधी गोंधळली, मग तिचा चेहरा पडला. "आठव्यावर काहीतरी घोगरं होतं. मला वाटलं, तुझ्या गावी टेस्टिंग केलं ते राहिलंय. काकांचं होतं का? आपण परत घेऊ ना त्यांच्याकडून. पुढच्या रविवारी जाऊ."

मग मी सांगितलं. शब्द दिलेला मोडला, पण मोडून काय उपयोग होता? लांज्याचा स्टुलावर बसला आणि डबा उघडून चिपकडे बघत राहिला. त्याला माहीत होतं, मलाही माहीत होतं, वरून भरलं की खालचं उरत नाही. पुण्याची रडली. मग डोळे पुसून तिने मला एकच विचारलं, "तू सांगितलं का नाहीस आम्हाला?"

ह्या प्रश्नाला माझ्याकडे चांगली उत्तरं आहेत. शब्द दिला होता. वाडीतली मुलं कॉलेजात होती. बाबा म्हणाले होते. मी तेव्हा बावीस वर्षांची नव्हते झाले. ही उत्तरं मी स्वतःला पुष्कळदा देऊन पाहिली आहेत आणि एकदाही ती पुरली नाहीत.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकेक बटण दाबून पाहिलं. आठव्याला ते हसले आणि सरांना म्हणाले, "ही कल्पना छान आहे हां." आमच्या ग्रुपला वर्गात सगळ्यात जास्त मार्क मिळाले. सरांनी पेढे वाटले. मी माझा पेढा कागदात बांधून घरी आणला आणि मुंग्या लागल्यावर टाकून दिला.

मी काकाचा आवाज दुसरीकडे कुठे सापडतो का ते शोधत सुटले. घरात टेप होता, पण गाऱ्हाणं टेप करावं असं कधी कुणाला सुचलंच नव्हतं. दर वर्षी ऐकायला मिळणारच होतं. मुंबईच्या एका भाऊबंदाकडे आरत्यांची कॅसेट निघाली. ती मागवून घेतली. झांजा, टाळ्या, पोरांचा कालवा, आणि त्या गर्दीत काका होता की नव्हता, सांगता येत नव्हतं. आरती संपते तिथेच कॅसेट बंद केली होती.

मे महिन्यात काका गावी परतला. गळ्यापुढे पांढरं मलमलचं फडकं, त्याच्यामागे भोक. बारीक झाला होता. मुंबईत त्याला पोटात वारा घेऊन ढेकरासारखं बोलायला शिकवत होते, ते त्याने दोन दिवस करून सोडून दिलं. बोलायचं असलं की पाटीवर लिहायचा, मी पहिलीत वापरलेली पाटी काकीने माळ्यावरून काढून दिली होती. हापूसची काढणी चालू होती आणि गडी बागेत ओरडून एकमेकांना बोलावत होते. तो पडवीत बसून ते ऐकत होता.

कॉलेजचं मॉडेल डिपार्टमेंटच्या कपाटात गेलं होतं. लांज्याच्याने सुट्टीत घरी बसून दुसरा डबा बनवला, हुबेहूब तसाच, आणि आम्ही तिघं तो घेऊन गेलो; काढणीसाठी बाबाही तिथे आलेले होते. त्यातही पुण्याचीचाच आवाज होता. एसटीत ती मला म्हणाली, "मी सांगते त्यांना. माझ्या हातून झालं." मी म्हटलं, "गप्प बस." मला वाटत होतं, काका विसरला असेल. एवढं सगळं अंगावरून गेलेला माणूस एक बटण कशाला लक्षात ठेवेल?

काकाने डबा मांडीवर घेतला, पेला-ताट असल्या चित्रांकडे बघितलंही नाही, आणि थेट आठवं बटण दाबलं.

"धन्यवाद."

त्याने परत दाबलं. "धन्यवाद." मग वर बघितलं, माझ्याकडेच. पाटी ओढली आणि लिहिलं, 'माझं?'

काकी म्हणाली, "काय तुमचं? काय विचारतायत ते?" बाबा पाटी वाचायला वाकले. मी उभी होते, तशीच बोलले. "पुसलं गेलं काका. वरून दुसरं भरलं. त्यांना मी सांगितलंच नव्हतं." एवढं बोलायला मला किती वेळ लागला कोण जाणे. तो ऐकत होता. मग त्याने पाटी पुसली आणि लिहिलं, 'मला ठाऊक होतं. म्हणून भरलेलं.'

बाबा मटकन खाली बसले. काकाने पुढे लिहिलं, 'तिथे ओपीडीत सगळ्यांच्या गळ्याला फडकी. मला काय डोळे नाहीत?'

काकीचा बांध फुटला. "मग बोललात का नाय आमच्याशी? एवढे दिवस आम्ही जीव मुठीत धरून..."

त्याने पाटी हातानेच पुसली. दोनच शब्द लिहिले आणि पाटी सगळ्यांना दिसेल अशी गुडघ्यावर उभी धरली. 'तुम्ही बोललात?'

पुण्याची उठून विहिरीकडे निघून गेली. मी काकाच्या पायाशी बसले आणि विचारलं, "काय भरलं होतंस रे? सांग ना. लिहून दे, मी भरते." त्याने नाही म्हणून मान हलवली. नंतरही मी कितीदा विचारलं, प्रत्येक वेळी त्याने तशीच मान हलवली. रागाने नाही. विकलेली जमीन परत दाखवायला माणूस जात नाही, तसं. एसटीत ऐकलेलं ते "म्हाराजा" आणि पुढचे न कळलेले दोन-तीन शब्द, एवढंच माझ्यापाशी आहे.

दुपारी जेवणं झाल्यावर त्याने लांज्याच्याला खुणेने बोलावलं आणि लिहिलं, 'आवाज बदल.' लांज्याचा म्हणाला, "माझा भरू का काका? पुरुषाचा?" काकाने बोट माझ्याकडे केलं. मी भरला. पाणी हवंय. भूक लागलीय. दुखतंय. हो. नको. सात बटणं झाली. आठव्यापाशी आले तेव्हा त्याने माझा हात बाजूला केला. तिथलं धन्यवादही त्याने लांज्याच्याकडून पुसून घेतलं, ते रिकामंच राहिलं.

तो उन्हाळा आणि पुढचा पावसाळा मी बराचसा मालगुंडला काढला. नोकरीचं पत्र यायचं होतं. मी चुलीपाशी असायचे आणि पडवीतून माझाच आवाज मला हाक मारायचा, "जरा इकडे या." मला अहोजाहो करत. काकी हसायची. "पोरगी स्वतःलाच कामं सांगते," म्हणायची. मला सुरुवातीला ते ऐकवायचं नाही. हा बाप्या आयुष्यभर ज्या घशाने रान उठवत होता, तिथून आता माझा बारीक, शहाणा आवाज येत होता, आणि तो मी स्वतः तिथे नेऊन ठेवला होता.

गणपती आले. आमच्या घरची आरती झाली, सगळी वाडी पडवीभर उभी. मुंबईची माणसं आली होती, त्यातल्या कित्येकांनी काकाला गळ्याला फडकं लावलेला पहिल्यांदाच बघितला होता. आरतीनंतरची ती शांतता, जी काका मोडायचा, तशीच पडून राहिली. सगळे बाबांकडे बघू लागले. बाबा खाकरले, एक पाऊल पुढे आले, आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. काका देव्हाऱ्याशेजारी खुर्चीत बसला होता, मांडीवर डबा. त्याने बाबांच्या सदऱ्याला धरून त्यांना मागे ओढलं आणि बोट माझ्याकडे केलं.

"पोरगी घालते काय गाऱ्हाणं कुठे?" काकी चारचौघांत बोलून गेली.

"हो," डबा म्हणाला. माझ्याच आवाजात. मंडळी हसली आणि मला पुढे ढकललं.

मी हात जोडले. एवढी वर्षं ऐकलेलं आपोआप तोंडात आलं. "बा गणराया म्हाराजा! आज वर्षाच्या रीतीप्रमाणे तुझी सगळी लेकरं तुझ्या पायाशी हजर झालीत. त्यांनी जी काय वेडीवाकडी सेवा केली ती गोड मानून घे." होय म्हाराजा, मागून आलं. माझा आवाज चिरकत होता, पण माणसं मनापासून साथ देत होती. "जे कोण पोटासाठी गाव सोडून गेलेत, त्यांची रखवाली कर." होय म्हाराजा. "कलमांना मोहोर येऊ दे, आलेला टिकू दे." होय म्हाराजा. मधलं एक-दोन घरांचं मागितलं, म्हशीचंही मागितलं. आणि मग शेवटचं आलं, जे प्रत्येक गाऱ्हाण्यात असतं, जे काका नेहमी घाईघाईत, जेवणाची वेळ झाली म्हणून उरकून टाकायचा.

"आणि ह्या लेकरांकडून काय चुकलंमाकलं असेल..."

पुढचं येईना. मी गणपतीकडे बघत होते, पण बोलत होते कुणाशी ते मला ठाऊक होतं, आणि खुर्चीतल्या त्यालाही. मंडळी वाट बघत होती. कुणीतरी मागून हळूच म्हणालं, "पोटात घाल म्हण गो." मी म्हणाले. "ते पोटात घाल म्हाराजा."

लोकांनी तोंड उघडायच्या आधी डबा बोलला.

"दुखतंय."

दुखतंय आणि हो ही बटणं शेजारीशेजारी होती. सगळ्यांना वाटलं, बोट चुकलं. पडवीत एकच हशा पिकला, पोरं तर लोळली. बाबाही हसले. काका हसत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता, आणि हसणं ओसरेपर्यंत थांबला. मग बोट उचललं, शेजारच्या बटणावर नेलं आणि नीट दाबलं.

"हो," डबा म्हणाला.

आणि त्याच्या मागून सगळी वाडी म्हणाली, होय म्हाराजा.